जुना माल, खरा भाव



२०२३ च्या पावसाळ्यात आपल्या चर्चची घंटा तीन आठवडे वाजली नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पहिल्याच रविवारी कितीतरी जण मिस्सेला उशिरा आले आणि सर्वांनी दोष घंटेला दिला. घड्याळे सगळ्यांच्या मनगटावर होती, पण ते असो. दोष घंटेचाही नव्हता. तिला तुळईशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या बोल्टवरचा एक नट गंजला होता आणि त्याचे आटे झडले होते. घंटा डोक्यावर पडायला नको म्हणून फादरांनी दोर वर गुंडाळून ठेवला आणि नट आणण्याचे काम पॅरिश कौन्सिलने माझ्याकडे सोपवले. निवृत्त शिक्षकाला वेळच वेळ असतो, अशी एक समजूत आहे.

एवढासा नट, त्यात काय, असे मलाही वाटले होते. गावातल्या दुकानातून सोळा मिलिमीटरचा नवा नट आणला. तो बोल्टवर दोन फेरे गेला आणि अडला. दुसरा आणला, तोही अडला. शेवटी लेथवाल्याने बोल्ट पाहून सांगितले की, हा जुना इंची माल आहे. पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश. मिलिमीटरमध्ये मोजले तर सोळाला अगदी थोडा कमी भरतो, म्हणून फसगत होते. पण आटे वेगळे. याच्या एका इंचात अकरा आटे बसतात, नव्या सोळाच्या नटाचे आटे त्याहून बारीक असतात. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली हे माप ठरवले आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आपल्याकडची यंत्रे, जिन-प्रेस, पूल, घंटा या सगळ्यांना तेच होते. लेथवाला म्हणाला, "बोल्टच बदला." बोल्ट बदलायचा तर घंटा खाली उतरवायची, त्यासाठी माणसे, साखळ्या आणि आठ-नऊ हजारांचा खर्च. आणि १५ ऑगस्टचा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण तोंडावर आलेला.

तेव्हा कुणीतरी खामगावच्या त्या दुकानाचे नाव काढले. मी ते इथे देत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते दुकानापेक्षा माझ्याविषयी आहे.

खामगावात असे दुकान असावे यात नवल नाही. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा लोहमार्ग १८७० साली केवळ कापसासाठी घातला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जिथे कापूस, तिथे जिनिंग आणि प्रेस. जिथे प्रेस, तिथे नट-बोल्ट, पट्टे, कानशी आणि पाने विकणारा कुणीतरी बसणारच. हे दुकान त्याच परंपरेतले. बाहेर घमेली, पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्या, म्हणजे आज खपणारा माल. आत मात्र पाय टाकला की भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत काय आहे त्याचा एकेक नमुना तारेने बांधलेला. वखराच्या पासा, विहिरीच्या कप्प्या, बैलांच्या नाला. कंदिलाच्या काचा गवतात गुंडाळलेल्या. पेट्रोमॅक्सच्या बत्तीचे मेंटल. चिनी मातीचे फ्यूज आणि बेकेलाइटचे काळे गोल स्विच. एका कोपऱ्यात शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक अशी लोखंडी वजनांची अख्खी उतरंड, एकदाही कुणाच्या तराजूत न चढलेली. १९५६ च्या कायद्यानंतर किलो आला आणि १९६२ पर्यंत शेराला देशभरातून निवृत्ती मिळाली. तेव्हापासून ही वजने वजन म्हणून विकताही येत नाहीत. एका डबीवर किंमत लिहिलेली होती, पंधरा नवे पैसे. ते पैसे आज कुणी द्यायचे म्हटले तरी देता येणार नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली.

मालक सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणतो. मी विचारले, "काका, हे सगळं टाकून का देत नाही?"

"कायले टाकू? खराब थोडंच झालं? घेनारा आला नाई, येवढंच."

मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर आठवले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. दोन वर्षे नांगर पडून राहिले. न खपलेला माल निरुपयोगीच असतो असे नाही, हे काकांचे म्हणणे तितकेसे वेडे नव्हते.

आणि ते माझ्यापुरते खरेही ठरले. काकांनी बोल्टचा कागदावर काढलेला छाप पाहिला, शिडी लावली, वरून तिसरा खण ओढला आणि तेलकट कागदातून पाच सुती नट काढून माझ्या हातावर ठेवला. मी पिशवीतून आणलेल्या बोल्टच्या तुकड्यावर तो फिरवला. लोण्यासारखा गेला.

इथे मी एक मूर्खपणा आधीच करून बसलो होतो. दुकानात शिरल्या शिरल्या मी काकांना सगळे सांगून टाकले होते. घंटा बंद, सण जवळ, घंटा उतरवायला आठ-नऊ हजार लागणार, जिल्ह्यात कुठे नट मिळत नाही. घासाघीस करणारा कोणताही माणूस असे करत नाही. आता ते म्हणतील ती किंमत मला द्यावी लागणार होती. हजार म्हणाले असते तर मी हजार दिले असते आणि कौन्सिलने वर माझे आभार मानले असते. काकांनी दोन नट तराजूत टाकले, लोखंडाचा चालू भाव धरला, हिशेब केला आणि म्हणाले, "तीस रुपये द्या. दोन न्या. एक लागन, एक ठेवून द्या. पुन्हा कुठं मिळनार?"

मी घरी येऊन हिशेब करून पाहिला. समजा तो नट १९७८ साली रुपयाला होता. तो रुपया खणात न ठेवता दरसाल आठ टक्के चक्रवाढीने बँकेत ठेवला असता, तर २०२३ पर्यंत त्याचे सुमारे बत्तीस रुपये झाले असते. म्हणजे एका नटाचे पंधरा घेऊन काकांनी पंचेचाळीस वर्षे सांभाळल्याची मजुरीसुद्धा घेतली नव्हती. ती घेतली असती तर अन्याय झाला नसता. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीविषयी लिहिताना, हा प्रश्न नेमका घेतला आहे. वस्तू देताना विकणाऱ्याचे जे नुकसान होते ते त्याने किमतीत धरावे, असे ते म्हणतात. पण घेणाऱ्याची नड मोठी आहे आणि विकणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही, अशा वेळी केवळ नडीपायी किंमत वाढवू नये. कारण ती नड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही, आणि जे आपले नाही ते विकायचे कसे? घेणाऱ्याने आपखुशीने जास्त दिले तर ती गोष्ट वेगळी, आणि तसे देणे त्याला शोभते, असेही ते पुढे सांगतात.

हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी दिवाळीच्या तोंडावर किंवा मुलीच्या लग्नासाठी कापसाची गाडी बाजारात नेली आहे! भरलेली गाडी माघारी नेता येत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असायचे आणि भाव त्यावर ठरायचा, कापसावर नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात मजुरांबद्दल हेच लिहिले. नडलेल्या माणसाने 'हो' म्हटले म्हणून तो सौदा न्याय्य होत नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत इंजेक्शनासाठी कुणी काय मागितले आणि कुणी काय विकून ते दिले, हेही आपण विसरलेलो नाही.

इथवर मी काकांच्या बाजूने बोलत आहे आणि ते सोपे आहे. आता माझी बाजू.

काका नट बांधत होते तेव्हा मी खालचा एक खण सहज ओढला. आत मेणकागदात तीन पितळी कुलपे होती. अलिगढची, तळहाताएवढी जड, प्रत्येकाला दोन किल्ल्या, कोरी करकरीत. खोक्यावर पेन्सिलीने अठरा रुपये लिहिलेले. माझ्या पुण्याच्या पुतण्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे. अगदी असेच कुलूप त्याने दोन हजारांच्या वर पैसे देऊन घेतले होते आणि मला मुद्दाम दाखवले होते. मी ते ओळखले. आणि बंधुभगिनींनो, त्या क्षणी माझा आवाज बदलला. मी कुलूप उलटसुलट केले, जरा तोंड वाकडे केले आणि म्हणालो, "जुनं दिसतंय. लागतं का नीट? गोठ्याला पाहिजे होतं."

आमच्याकडे गोठा नाही.

"लागन की. तुमी साठ द्या," काका म्हणाले. मी साठ दिले.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, एक गिऱ्हाईक आहे. दुकानात उभे असताना ते मालाला नावे ठेवते आणि बाहेर पडल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारते. मी एस.टी.त बसलो तेव्हा तोच होतो. घरी येऊन कुलूप टेबलावर ठेवले आणि सगळी हकिकत रंगवून सांगितली. घरून एवढेच विचारणे झाले, "मग त्यांना सांगितलं का?" मी विषय बदलला.

चारच दिवसांनी, ३० जुलैला, सामान्य काळातला सतरावा रविवार होता. त्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयच्या तेराव्या अध्यायातले. शेतात पुरलेली ठेव एका माणसाला सापडते, तो ती पुन्हा लपवतो, आनंदाने आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा दाखला मुलांना समजावला. स्वर्गाच्या राज्यासाठी सर्व काही सोडायची तयारी हवी, वगैरे. मागच्या बाकावरच्या एका सातवीतल्या मुलीने हात वर केला. "सर, त्यानं शेताच्या मालकाला सांगितलं का?"

चार दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न.

मी तिला पुस्तकी उत्तर दिले आणि ते चूकही नाही. प्रभू येशू त्या माणसाच्या आनंदाचे उदाहरण देतो, त्याच्या सौद्याचे नाही. तो आपल्या येण्याची तुलना रात्री येणाऱ्या चोराशी करतो, म्हणून चोरीची शिफारस करत नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या लबाड कारभाऱ्याचेही तसेच. मुलगी गप्प बसली. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही, माझे तर झाले नव्हतेच. कारण दाखल्यातल्या माणसाने आपले सर्वस्व विकले होते, मी साठ रुपये दिले होते. आणि दाखल्याला अर्थ असतो म्हणून तिथे मालकाचा प्रश्न बाजूला ठेवता येतो. खामगावच्या दुकानातला मालक हा काही दाखला नव्हता.

संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. त्याच्याकडे एक पुस्तक विकायला आले. विकणाऱ्याला त्याची खरी किंमत ठाऊक नव्हती, त्याने अगदी थोडके मागितले. घेणाऱ्याने मात्र मागितले तेवढे न देता त्याची योग्य किंमत, कितीतरी जास्त, त्याच्या हातावर ठेवली. स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे ही सगळ्या जगाचीच इच्छा, असे म्हणणाऱ्यांना ऑगस्टीन हे उत्तर देतात. संत थॉमस यांनीही याच गोष्टीचा आधार घेतला आहे. आपल्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी करू नको या आज्ञेखाली, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे याचे नाव घेऊन उल्लेख आहे. अज्ञान आणि अडचण. माझी अडचण काकांच्या हातात होती, त्यांचे अज्ञान माझ्या हातात होते. त्यांनी माझी अडचण विकली नाही. मी त्यांचे अज्ञान विकत घेतले.

स्वतःची बाजू मांडायला मी कमी पडलो नाही. किंमत त्यांनीच सांगितली, मी नाही. अठराच्या ठिकाणी साठ मागितले, म्हणजे त्यांना नफाच झाला. दुकानदाराने आपल्या मालाची माहिती ठेवावी, ते गिऱ्हाइकाचे काम नव्हे. पुतण्याकडून मिळालेली माहिती ही माझी कमाई आहे. या शेवटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे असे मला आजही वाटते. डॉक्टर, वकील, गवंडी, सगळेच आपल्या जास्तीच्या माहितीवर जगतात. पण ते ती माहिती समोरच्याच्या कामी लावतात आणि तिचा मोबदला घेतात. मी ती लपवून, वर तोंड वाकडे करून, समोरच्याच्या विरुद्ध वापरली. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात, थैलीत दोन प्रकारची वजने बाळगू नयेत अशी आज्ञा आहे, एक देताना आणि एक घेताना. शेराची ती न वापरलेली वजने कोपऱ्यातून माझ्याकडे पाहत असताना मी खिशात एका कुलपाच्या दोन किमती घेऊन उभा होतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी कुलूप घेऊन पुन्हा खामगावला गेलो. गोठा नाही हे सांगितले, पुण्यात याला काय भाव आहे ते सांगितले आणि म्हणालो की, कुलूप परत घ्या, नाहीतर वर जे योग्य वाटेल ते माझ्याकडून घ्या.

मला वाटले होते की, काका हसतील, पाठीवर हात ठेवतील. तसे काही झाले नाही. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाच-सात वर्सांआधी येक मानूस आला होता. पितळी नळ सारे किलोच्या भावानं घेऊन गेला. जाताना हसत होता. मले आता समजलं, कायले हसत होता." माझी मान खाली गेली, कारण मीही साधारण तसाच हसत एस.टी.त बसलो होतो.

काकांचा मुलगा गल्ल्यावर होता. त्याने तोवर मोबाइलवर तसल्या कुलपाचे फोटो काढून पाहिलेही होते. त्याने माझ्याकडून आणखी पाचशे घेतले आणि उरलेली दोन कुलपे खणातून काढून काचेच्या कपाटात ठेवली, प्रत्येकी दीड हजार. "गुरुजी, तुमी सांगितलं नसतं तं बरं होतं," काका हळू आवाजात मला म्हणाले. "आता हे पोरगं सारं दुकान पालथं घालन."

याचा विचार मी अजून करतो. ती कुलपे माझ्या सांगण्याआधी कुणाही शेतकऱ्याला साठ रुपयांत मिळाली असती आणि खरोखरच्या गोठ्याला तीस वर्षे टिकली असती. आता त्यांना आपल्या तालुक्यातला गोठा दिसणार नाही. काकांचे जे होते ते मी त्यांना दिले, पण त्याबरोबर पुढच्या गरजू गिऱ्हाइकाच्या हातून एक स्वस्त आणि मजबूत कुलूप गेले. यावर एक मित्र म्हणाला, "म्हणूनच गप्प बसायचं असतं." मला ते पटत नाही. आपला माल काय आहे हे कळणे हा काकांचा हक्क होता. तो कळल्यावर मुलाने काय करायचे हा त्याचा प्रश्न आणि ज्याचा त्याने हिशेब द्यायचा. मी त्याच्या लोभाच्या भीतीने त्याच्या बापाला अंधारात ठेवावे, हे काही परोपकारात बसत नाही. तरीही काकांच्या चेहऱ्यावरचे ते समाधान, खराब थोडंच झालं म्हणतानाचे, ते माझ्यामुळे कमी झाले आणि त्याची भरपाई पाचशे रुपयांत होत नाही, हेही खरे आहे.

त्याच तेराव्या अध्यायात, सतराव्या रविवारच्या वाचनाच्या अगदी शेवटी, आपल्या भांडारातून नव्या आणि जुन्या वस्तू बाहेर काढणारा एक गृहस्थ येतो. ठेवीच्या दाखल्याच्या गडबडीत त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. माझेही इतकी वर्षे गेले नव्हते. आता ते वाचन आले की, मला शिडीवर चढलेले काका दिसतात. वरून तिसरा खण, तेलकट कागद.

घंटा १३ ऑगस्टच्या रविवारपासून वाजू लागली. दुसरा नट वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. कागदावर "घंटा, पाच सूत, इंची" असे लिहिले आहे. मेणबत्त्या काढताना तो कुणी भंगार समजून टाकू नये, ही विनंती.